साहेब, फिल्टर कुठला टाकू?

नाना पेठेत असो, मुंबईत ऑपेरा हाऊसला असो किंवा तालुक्याच्या एसटी स्टँडशेजारी, स्पेअर पार्टच्या दुकानात जाऊन नुसतं ‘ऑइल फिल्टर द्या’ म्हणून बघा. दुकानदार जाणता असेल तर त्याचा हात लगेच मागच्या रॅककडे जात नाही. आधी प्रश्न येतात. गाडी कुठली? साल कुठलं? पेट्रोल का डिझेल? एवढ्यानेही खात्री पटली नाही तर शेवटचा प्रश्न येतो : जुना फिल्टर आणलाय का? दुकानदार जाणता नसेल किंवा घाईत असेल तर एकच वाक्य ऐकू येतं, ‘हा घ्या, बसतो याला.’

गाडीला बसणारा फिल्टर आणि त्या इंजिनासाठी बनवलेला फिल्टर या दोन वेगळ्या वस्तू आहेत. बाहेरून त्या जुळ्या भावंडांसारख्या दिसतात. तोच पत्र्याचा डबा, तीच काळी रबरी रिंग, मधोमध आट्यांचं भोक. किंमत दोनशे रुपयांच्या आतबाहेर. सर्व्हिसिंगच्या बिलात ऑइलचा आकडा एवढा मोठा असतो की फिल्टरच्या ओळीकडे कुणाचं लक्षही जात नाही. पण इंजिनात ओतलेलं ते महागडं ऑइल पुढचं वर्षभर या डब्यातूनच फिरणार असतं.

‘बसतो’ म्हणजे काय, ते आधी आट्यांवरून पाहू. डबा स्क्रूसारखा फिरवून बसवायच्या फिल्टरमध्ये दोन मापं सर्रास आढळतात. एक पाऊण इंची, इंचाला सोळा आटे. दुसरं मेट्रिक, वीस मिलिमीटरचं, दीड मिलिमीटरच्या आट्यांचं. पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिलिमीटर. म्हणजे दोघांच्या जाडीत जेमतेम एक मिलिमीटरचा फरक. आट्यांमधलं अंतर एकात १.५९ मिलिमीटर, दुसऱ्यात १.५. हा फरक डोळ्यांना दिसत नाही, आणि घाईतल्या हाताला जाणवतही नाही. इंजिनाच्या पाऊण इंची स्टडवर वीस मिलिमीटरचा फिल्टर सैलसर चढतो, रबर टेकलं की घट्ट झाल्यासारखा वाटतो, आणि गाडी गॅरेजबाहेर पडते. प्रत्यक्षात आट्यांची पकड अर्धवटच असते. इंजिन थंड असताना ऑइलचा दाब सगळ्यात जास्त चढतो, आणि त्या दाबाने असा फिल्टर सरकला किंवा त्याची रिंग निसटली तर चेंबरमधलं ऑइल पाहता पाहता रस्त्यावर येतं. मीटरमधला लाल दिवा लागून चालकाने गाडी थांबवेपर्यंत बेअरिंग खरवडलेली असतात. पुढे इंजिन खोलायचं काम पाच आकड्यांच्या खाली भागत नाही.

हे टोकाचं उदाहरण झालं. चुकीच्या फिल्टरने होणारं बहुतेक नुकसान असं एका दिवसात दिसत नाही. ते सावकाश होतं, आणि म्हणूनच त्याचा दोष फिल्टरकडे कधी जात नाही. एक लाख किलोमीटरला गाडी ऑइल खायला लागली, टायमिंग चेन खडखडू लागली, की आपण कंपनीला नावं ठेवतो, रस्त्यांना ठेवतो, ड्रायव्हरला ठेवतो.

हे नुकसान कसं होतं ते कळण्यासाठी ऑइलचा रस्ता डोळ्यांसमोर आणायला हवा. तळाच्या चेंबरमधून पंप ऑइल ओढतो. तोंडाशी एक जाडसर जाळी असते, ती फक्त मोठा कचरा अडवते. पंपातून ऑइल थेट फिल्टरमध्ये जातं, आणि तिथून मुख्य गॅलरीत. मग क्रँकची बेअरिंग, कॅम, टॅपेट, टर्बो असेल तर टर्बो, असं सगळीकडे. क्रँक आणि बेअरिंग हे दोन धातू चालत्या इंजिनात एकमेकांना टेकतच नाहीत. त्यांच्यामध्ये काही मायक्रॉन जाडीचा ऑइलचा थर असतो. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉनचा. नुसत्या डोळ्यांना चाळीस मायक्रॉनच्या खालचा कण दिसणं कठीण. म्हणजे इंजिनाचा खरा शत्रू आपल्याला न दिसणारा आहे : दहा-वीस मायक्रॉनचा, त्या थरापेक्षा किंचित जाड असलेला कण. तो थरात अडकतो आणि दोन्ही धातूंना ओरखडे काढत जातो.

हे कण येतात कुठून? काही इंजिन स्वतःच तयार करतं, घासून निघालेला धातू. काही जळणाची काजळी. आणि आपल्याकडे फार मोठा वाटा रस्त्यावरच्या धुळीचा. धुळीतली वाळू म्हणजे सिलिका, लोखंडाला घासून काढेल इतकी कठीण. एअर फिल्टरच्या डब्याची क्लिप तुटलेली असेल, तो हवेचा फिल्टर चार वेळा झटकून पुन्हा बसवलेला असेल, तर खडीक्रशरच्या पट्ट्यातून किंवा मराठवाड्यातल्या मातीच्या रस्त्यावरून रोज जाणाऱ्या गाडीचा ऑइल फिल्टर मुदतीच्या आधीच भरतो. चांगला ऑइल फिल्टर घ्यायचा आणि एअर फिल्टरकडे दुर्लक्ष करायचं, यात काहीच साधत नाही.

आणखी एक कचरा आहे आणि तो आपल्या गॅरेजांतून येतो. चेंबर किंवा व्हॉल्व्ह कव्हर बसवताना गॅस्केटच्या जागी सिलिकॉनचा सीलंट ट्यूबमधून पिळला जातो. सवय अशी की जितका जास्त तितकं बरं. बाहेर आलेला सीलंट दिसतो, पुसता येतो. आत तेवढाच बाहेर आलेला असतो, तो दिसत नाही. त्याचे तुकडे सुटतात आणि पंपाच्या जाळीवर जाऊन बसतात. जाळी पंपाच्या आधी, फिल्टर नंतर. म्हणजे जगातला सर्वोत्तम फिल्टरही इथे काही करू शकत नाही.

मोटारीला ऑइल फिल्टर पहिल्यापासून नव्हता. अमेरिकेत कॅलिफोर्नियात अर्नेस्ट स्वीटलँड आणि जॉर्ज ग्रीनहाल्घ यांनी १९२३ साली मोटारीसाठी फिल्टर तयार केला आणि त्याला प्युरोलेटर नाव दिलं. दुसऱ्याच वर्षी आलेल्या क्रायस्लरच्या पहिल्या गाडीत फिल्टर होता. त्या काळचे फिल्टर ऑइलचा थोडासाच भाग गाळायचे. बाकीचं ऑइल न गाळता इंजिनात जायचं. सगळं ऑइल फिल्टरमधूनच न्यायची पद्धत नंतर रूढ झाली, आणि फिरवून लावायचा, काढून टाकून द्यायचा डबा १९५० च्या दशकात आला. आपण आज वापरतो तो बहुतांशी तोच. त्याआधी धातूचं भांडं खोलायचं, आतला घटक बदलायचा, भांडं धुवायचं, असं काम असे. नव्या गाड्यांत ती पद्धत वेगळ्या रूपात परत आली आहे. तिच्याकडे पुढे येतो.

भोसरीच्या एका गॅरेजमध्ये मी काही फिल्टर कापून टेबलावर मांडले. वापरलेले आणि नवे, कंपनीचे आणि नावगाव नसलेले. फिल्टर करवतीने कापू नये. करवतीचा भुसा कागदावर पडतो आणि तो इंजिनातून आलाय की पात्यातून, ते कळेनासं होतं. गोल फिरणारा पाइप कटर किंवा खास फिल्टर कटर असतो, तो लावायचा. कडेने पत्रा सुटला की आतला गाभा अलगद बाहेर येतो.

सगळ्यात आधी नजरेत भरतो तो कागद. साडीच्या निऱ्यांसारख्या घड्या घातलेला, गोलाकार बसवलेला. घड्यांमुळे मुठीएवढ्या जागेत पुष्कळ पृष्ठभाग मावतो, आणि जितका पृष्ठभाग जास्त तितका कचरा धरायला वाव जास्त. चांगल्या फिल्टरमधल्या घड्या एकसारख्या अंतरावर उभ्या असतात. माझ्यासमोरच्या एका नावगाव नसलेल्या फिल्टरमध्ये घड्या एका बाजूला दाटीवाटीने चिकटलेल्या आणि दुसऱ्या बाजूला उघड्या पडलेल्या होत्या. चिकटलेल्या घड्यांमध्ये ऑइल शिरतच नाही. म्हणजे कागद असून नसल्यासारखा.

मग कागदाची शिवण, म्हणजे जिथे त्याची दोन टोकं जोडलेली असतात ती जागा. काही फिल्टरमध्ये ती पत्र्याच्या पट्टीने दाबलेली असते, काहींत गोंदाने. या जागी नखाने ओढून पाहिलं की फिल्टर बनवणाऱ्याची नियत कळते. वर-खालच्या झाकणांना कागद नीट चिकटलेला हवा. झाकण पत्र्याचं असू शकतं किंवा दाबलेल्या पुठ्ठ्यासारख्या फायबरचं. पुठ्ठा दिसला की फिल्टर हलका, असं अनेक मिस्त्री मानतात. मला ते सरसकट पटत नाही. फायबरचं झाकण कागदाशी व्यवस्थित जोडलेलं असेल तर ते काम करतं. पत्र्याचं झाकण अर्धवट चिकटलं असेल तर त्या फटीतून ऑइल न गाळताच निघून जातं. बघायची ती जोडणी.

कागदाच्या मधोमध भोकं असलेली नळी असते. दाबाखाली कागद आत चेंगरू नये म्हणून तिचा आधार. स्वस्त फिल्टरमध्ये ही नळी इतक्या पातळ पत्र्याची की बोटांनी दबते. वापरलेल्या फिल्टरमध्ये नळी चेपलेली दिसली तर समजावं की कागद चोंदला होता आणि दाब बराच वाढला होता.

आणि मग दोन व्हॉल्व्ह. फिल्टर निवडताना खरी गोम इथे आहे, आणि बाहेरून या दोन्हींपैकी काहीच दिसत नाही.

पहिला बायपास व्हॉल्व्ह. महाबळेश्वरला डिसेंबरच्या पहाटे गाडी सुरू केली की ऑइल दाट असतं, कागदातून पटकन उतरत नाही. किंवा मुदत उलटून गेलेला फिल्टर चोंदलेला असतो. अशा वेळी कागदाच्या दोन बाजूंच्या दाबात फरक वाढतो आणि ठरावीक मर्यादेला हा व्हॉल्व्ह उघडून ऑइलला सरळ वाट करून देतो. इंजिनाला ऑइलच न मिळण्यापेक्षा न गाळलेलं मिळालेलं बरं, असा हा हिशेब. पण ती मर्यादा प्रत्येक इंजिनाला वेगळी ठरवलेली असते. एकात ती साधारण एक बार असेल, दुसऱ्यात त्याहून कमी किंवा जास्त. काही इंजिनांत हा व्हॉल्व्ह इंजिनाच्या ब्लॉकमध्येच असतो, आणि त्यांच्या फिल्टरमध्ये तो मुद्दाम ठेवलेला नसतो. आता आटे जुळतात, रबर जुळतं म्हणून असा व्हॉल्व्ह नसलेला फिल्टर तुम्ही दुसऱ्या गाडीला लावलात, जिच्या ब्लॉकमध्येही तो नाही, तर चोंदल्यावर ऑइलला वाटच उरत नाही. उलट, फार कमी दाबाला उघडणारा फिल्टर लावला तर इंजिनाचा वेग वाढला की तो उघडाच राहतो, आणि कागद नुसता शोभेला. दोन्ही गाड्या चालतात. दोन्ही मालक समाधानी असतात.

दुसरा व्हॉल्व्ह म्हणजे तोंडाशी असलेला लवचीक रबरी पडदा. इंजिन बंद केल्यावर फिल्टरमधलं ऑइल परत चेंबरमध्ये निथळून जाऊ नये म्हणून तो असतो. आडवा किंवा उलटा बसणारा फिल्टर असेल तर त्याच्याशिवाय चालतच नाही. पडदा कडक झाला, आकसला, की रात्रभरात फिल्टर रिकामा होतो. सकाळी चावी फिरवल्यावर एक-दोन सेकंद वरून टकटक आवाज येतो, मग बंद होतो. तो आवाज म्हणजे पंप आधी रिकामा फिल्टर भरतोय आणि तोवर हेडमधले भाग कोरडे फिरताहेत. साधे पडदे नायट्राइल रबराचे असतात. ते उष्णतेने कालांतराने कडक होतात. सिलिकॉनचे जास्त टिकतात. वापरलेला फिल्टर कापल्यावर हा पडदा बोटाने वाकवून पाहावा. माझ्यासमोरच्या एकाचा पडदा वाकवताच चिरला.

वापरलेल्या फिल्टरचा कागद कापून, घड्या उलगडून, शिकंज्यात दाबून ऑइल काढलं की तो इंजिनाची तब्येतही सांगतो. उन्हात धरून पाहा. चुंबकाला चिकटणारे बारीक कण म्हणजे लोखंड. पिवळसर-तांबूस चमक दिसली तर ती बेअरिंगची असण्याची शक्यता, आणि मग वाट न पाहता इंजिन जाणकाराला दाखवायला हवं. जुनी गाडी विकत घेताना हा डबा मागून घेऊन कापणारे मिस्त्री मी पाहिलेत, आणि त्यांचा सल्ला मी इतरांपेक्षा वरचा मानतो.

खोक्यावर लिहिलेल्या मायक्रॉनच्या आकड्यांबद्दल आता सांगतो. ‘२० मायक्रॉन फिल्टर’ एवढंच लिहिलेलं असेल तर ते वाक्य अपुरं आहे. वीस मायक्रॉनचे शंभरातले किती कण तो अडवतो? पन्नास अडवणाराही तसं लिहितो आणि नव्व्याण्णव अडवणाराही. याची मोजणी करण्यासाठी आयएसओ ४५४८-१२ नावाची आंतरराष्ट्रीय चाचणी आहे. तिच्यात ठरावीक धूळ मिसळलेलं ऑइल फिल्टरमधून पुन्हा पुन्हा फिरवतात आणि आधीचे-नंतरचे कण मोजतात. प्रामाणिक कंपनी ‘या चाचणीनुसार २० मायक्रॉनला ९९ टक्के’ असं सांगते. बीटा नावाचा आकडा दिलेला असेल तर तोही साधाच : बीटा २ म्हणजे त्या मापाचे निम्मे कण अडले, बीटा ७५ म्हणजे जवळजवळ ९८.७ टक्के अडले.

बारीक गाळल्याने खरंच फरक पडतो का? १९८८ साली जनरल मोटर्सच्या अभियंत्याने एसएई या वाहन अभियंत्यांच्या संघटनेपुढे एक अभ्यास मांडला होता. चाळीस मायक्रॉनच्या फिल्टरशी तुलना केली तर तीस मायक्रॉनच्या फिल्टरने इंजिनाची झीज निम्म्यावर आली, आणि पंधरा मायक्रॉनच्या फिल्टरने सत्तर टक्क्यांनी कमी झाली. हा आकडा फिल्टर विकणारे फार आवडीने सांगतात. पण त्यावरून ‘जितका बारीक तितका चांगला’ असा अर्थ काढला तर फसगत होते. कागद बारीक केला की ऑइल उतरायला अडथळा वाढतो आणि फिल्टर लवकर भरतो. भरला की बायपास उघडतो आणि सगळंच न गाळता जातं. बारकाई, प्रवाह आणि कचरा धरायची क्षमता या तिन्हींचा मेळ इंजिन बनवणाऱ्याने त्याच्या पंपानुसार, ऑइलच्या दाटपणानुसार आणि बदलायच्या मुदतीनुसार बसवलेला असतो. काचेच्या तंतूंचं सिंथेटिक माध्यम असलेला फिल्टर हा मेळ अधिक चांगला साधतो, हे खरं. लांब मुदतीवर ऑइल बदलणाऱ्या गाडीला तो उपयोगी. पण दर वर्षी ऑइल बदलणाऱ्या छोट्या पेट्रोल गाडीला कंपनीचा साधा सेल्युलोजचा फिल्टर पुरतो. तिथे जास्तीचे पैसे घालवण्याऐवजी ते वेळेवर ऑइल बदलायला ठेवावेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि त्या छोट्या गाडीतही परिस्थिती बदलते आहे. एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचे निकष आले आणि मायलेज व उत्सर्जनासाठी पातळ ऑइल सर्रास झालं. ०डब्ल्यू-२०, काही मारुतींना तर ०डब्ल्यू-१६. ऑइल जितकं पातळ तितका धातूंमधला थर बारीक, आणि तितका लहान कणही बाधक. वीस वर्षांपूर्वी २०डब्ल्यू-४० वर जे खपून गेलं ते आता खपेलच असं नाही.

आता मागे म्हटलेल्या, आतला घटक बदलायच्या फिल्टरकडे. आपल्याकडे तो घरोघरी पोहोचवला १.३ लिटरच्या मल्टिजेट डिझेल इंजिनाने. फियाटचं मूळ डिझाइन, १२४८ सीसी; सुझुकीच्या मानेसरच्या कारखान्यात आणि आपल्या पुणे जिल्ह्यातल्या रांजणगावला फियाटच्या कारखान्यात ते तयार व्हायचं. स्विफ्ट, डिझायर, इंडिका व्हिस्टा, पुंटो – किती नावांच्या गाड्यांत एकच इंजिन. बीएस-६ आल्यावर ते बंद झालं, पण महाराष्ट्राच्या रस्त्यांवर ते अजून लाखो किलोमीटर ओढतंय. या इंजिनाला डबा नाही. प्लॅस्टिकचं झाकण खोलायचं, आतला कागदी घटक बदलायचा.

पत्र्याचा डबा फुकट जात नाही आणि घटक उघडा बघता येतो, म्हणून मला ही पद्धत आवडते. पण तिच्यात चुकायच्या जागा जास्त. झाकणाची ओ-रिंग दर वेळी नवी घालायची असते; चांगल्या खोक्यात ती सोबतच येते. अनेक गॅरेजांत जुनीच पुसून बसवतात आणि मग खालून ऑइल झिरपतं. झाकण किती आवळायचं याचं माप ठरलेलं आहे, बहुधा पंचवीस न्यूटनमीटरच्या आसपास. लांब पान्याने जोर लावला की प्लॅस्टिक तडकतं. आणि सगळ्यात वाईट चूक म्हणजे घटकच चुकीचा. त्याच कुळातल्या इंजिनात आवृत्तीप्रमाणे भांडं वेगळं आणि घटकही वेगळा. उंची दोन-तीन मिलिमीटर कमी असली तरी झाकण लागतंच. फक्त घटकाचं तोंड खाली नीट बसत नाही आणि ऑइल बाजूने निसटून जातं. बाहेर एक थेंब दिसत नाही. या इंजिनाची टायमिंग चेन ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो, आणि टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे ऑइलच्या थरावर घेतो. दोघांनाही घाण ऑइल सोसत नाही. जुन्या मल्टिजेटची चेन वाजते म्हणून इंजिनाला बदनाम करणाऱ्यांनी त्या इंजिनात काय काय घातलं गेलं तेही एकदा तपासावं.

मग घ्यावा कुठला? उत्तर पार्ट नंबरात आहे. गाडीच्या मॉडेलच्या नावात नाही, कारण एकाच नावाच्या गाडीत वर्षागणिक इंजिनं बदललेली असतात. कंपनीचा पार्ट नंबर जुन्या फिल्टरवर किंवा खोक्यावर छापलेला असतो, आणि चॅसिस नंबर दिला की कंपनीचा काउंटर तो काढून देतो. नंबर मध्येच बदलला असेल तर नवा कुठला हेही तिथे कळतं. तो नंबर हाती आला की दोन सरळ वाटा. एक, कंपनीच्या खोक्यातला फिल्टर. दोन, त्याच दर्जाच्या उत्पादकाचा त्याच्या स्वतःच्या नावाने मिळणारा. गाड्यांच्या कंपन्या फिल्टर सहसा स्वतः बनवत नाहीत. माहले, मान, बॉश, एलोफिक, आपल्या पुण्यातली फ्लीटगार्ड, अशा फिल्टरवाल्यांचं ते काम. त्यांच्या छापील किंवा ऑनलाइन यादीत गाडी कंपनीच्या नंबरासमोर त्यांचा नंबर दिलेला असतो. तो जुळला तर दुसरी वाट पहिलीइतकीच भरवशाची आहे.

‘बाहेरचा फिल्टर टाकला तर वॉरंटी जाईल’ ही भीती शोरूममध्ये हमखास घातली जाते. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना अडीच हजार कोटींहून अधिक दंड ठोठावला, तो सुटे भाग खुल्या बाजारात मिळू न देण्यावरून. त्याच आदेशात आयोगाने सांगितलं की गाडी बाहेरच्या गॅरेजमध्ये नेली एवढ्यावरून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नये. पुढे अपिलं झाली, प्रकरण लांबलं. व्यवहारात मात्र एवढं लक्षात ठेवावं : वॉरंटीच्या काळात काम कुठेही करा, बिल जपून ठेवा, आणि बिलावर फिल्टरचा नंबर लिहून घ्या. वाद झाला तर तोच कागद कामाला येतो.

खरा धोका नावाजलेल्या दुसऱ्या कंपनीचा नाही, नकली खोक्याचा आहे. जितका फिल्टर जास्त खपणारा तितकी त्याची नक्कल जास्त. छपाई हल्ली इतकी साफ असते की खोक्यावरून ओळखणं अवघड. डबा हातात घ्या. वजन, रंगाची जाडी, तोंडाशी असलेल्या आट्यांची सफाई, रबर खाचेत घट्ट बसलंय का, पडदा मऊ आहे का, हे भोकांतून दिसतं. काही कंपन्या क्यूआर कोड देतात, तो त्यांच्याच ॲपवर तपासा. खोक्यावर उत्पादकाचं नाव-पत्ता, महिना-वर्ष आणि कमाल किंमत असणं कायद्याने बंधनकारक आहे. ते नसेल तर खरेदीच करू नका. आणि पक्कं बिल मागा. नकली माल विकणाऱ्याला १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्यात सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड आहे, त्यामुळे पक्कं बिल द्यायला तो कचरतो. फसवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५.

आणखी एका सवयीविरुद्ध मला जोर लावून बोलायचं आहे. ‘एकदा ऑइल बदललं की फिल्टर पुढच्या वेळी’ असा नेम पाळणारी माणसं पुष्कळ आहेत. जुन्या फिल्टरमध्ये वाटीभर काळं ऑइल आणि वर्षभराचा गाळ असतो. नवं ऑइल भरून इंजिन सुरू केलं की पहिल्या मिनिटातच ते सगळं नव्यात मिसळतं. ऑइल आणि फिल्टर एकत्रच बदलायचे. मुदत मॅन्युअलमध्ये दिलेली. बऱ्याच पेट्रोल गाड्यांना दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते. शहरातल्या गर्दीत तासनतास रखडणाऱ्या किंवा रोज दोन किलोमीटर जाऊन बंद होणाऱ्या गाडीला वर्षाची अट महत्त्वाची, किलोमीटरची नव्हे. डिझेलचं ऑइल आठवड्याभरात काळं झालं म्हणून फिल्टरला दोष देऊ नका. काजळीचे कण मायक्रॉनपेक्षाही लहान, ते कुठलाच कागद अडवत नाही. ऑइलमधली रसायनं त्यांना तरंगत ठेवतात. ते बाहेर काढायचा मार्ग एकच, ऑइल बदलणं.

बसवताना शक्य असेल तर समोर उभे राहा. जुन्या फिल्टरचं रबर इंजिनाला चिकटून राहिलं नाही ना, हे बोट फिरवून पाहायला सांगा. दोन रबरं एकावर एक बसली की ऑइलची चिळकांडी ठरलेली. नव्या रबराला नव्या ऑइलचं बोट लावायचं, रबर टेकेपर्यंत हाताने फिरवायचं, आणि मग डब्यावर सांगितलंय तेवढंच, साधारण पाऊण फेरा. पाना काढायला असतो, लावायला नसतो. इंजिन सुरू करून लाल दिवा विझतो का पाहायचं, खाली वाकून गळती बघायची, बंद करून थोड्या वेळाने पट्टीवर ऑइलची पातळी पाहायची.

उतरवलेला फिल्टर कुठे जातो याकडेही लक्ष द्या. वापरलेलं ऑइल २०१६ च्या नियमांप्रमाणे घातक कचरा आहे, आणि एप्रिल २०२४ पासून ते गोळा करून पुन्हा शुद्ध करवण्याची जबाबदारी ऑइल विकणाऱ्या कंपन्यांवर टाकलेली आहे. तरी आपल्या कितीतरी गॅरेजांमागचा ओढा काळा आहे. फिल्टरला भोक पाडून रात्रभर उलटा ठेवला तर आतलं ऑइल निथळतं आणि पत्रा भंगारात जाऊ शकतो. तुमच्या मिस्त्रीला सांगा, की तो डबा असा निथळवून ठेव आणि ऑइल परवानाधारकालाच दे. आणि पुढच्या वेळी गेलात की दिलं का, ते विचारा.